पिरपिर आणि किरकिर एकच का वेगळं?

सेलूची सून

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटा आहे पण आठ-दहा दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारते. माझं माहेर सिन्नरचं, सासर सेलू, जिल्हा परभणी. मुलगी आठ महिन्यांची आहे. मागच्या आठवड्यात ती दिवसभर बारीक आवाजात रडत होती, म्हणजे धड रडणं पण नाही, डोळ्यात पाणी, ओठ वाकडा, कडेवर घेतलं की गप्प, खाली ठेवलं की परत सुरू. मी सासूबाईंना म्हटलं, आई ही बघा ना किती किरकिर करतेय, दवाखान्यात न्यायचं का. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, पोटाला हात लावला, हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "किरकिर नाही गं माय ही, पिरपिर हाय. दात यायलेत. किरकिर असती तर म्या कालच म्हणले असते दवाखान्यात चल म्हणून."

माझ्या कानाला दोन्ही शब्द सारखेच. माहेरी आम्ही जो तोंडात येईल तो वापरायचो, कधी किरकिर कधी पिरपिर. इथं मात्र सासूबाई, शेजारच्या काकू, अगदी दळणाला येणाऱ्या मावशीपण हे दोन शब्द वेगवेगळे वापरतात असं मला आता ऐकून ऐकून लक्षात यायला लागलंय. तर हा फरक खरंच आहे का आमच्या घरापुरताच आहे?

आणि दुसरी गोष्ट, ती जास्त लागली म्हणून लिहिते. परवा नळाला आठव्या दिवशी पाणी आलं आणि नेमकी मोटार बंद पडली, टाकी अर्धी पण भरली नाही. मी नवऱ्याला सकाळी सांगितलं, दुपारी फोन करून सांगितलं, संध्याकाळी परत सांगितलं तर तो म्हणाला, "सकाळपासून काय पिरपिर लावलीस." मी रडत नव्हते हो. पाणी नाही हे सांगत होते. तो म्हणतो आमच्याकडं हे साधं बोलणं आहे, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. खरंच साधं आहे का? इथल्या लोकांनी सांगा प्लीज.

जुना मास्तर, अंबाजोगाई

ताई, लेकराला आशीर्वाद. ३१ वर्षं मराठी शिकवलं म्हणून राहवत नाही, जरा लांबण लागेल.

किरकिर, पिरपिर, कुरकुर हे सगळे अभ्यस्त शब्द, त्यातले अनुकरणवाचक, म्हणजे आवाजावरून झालेले. बडबड, गडगड, रिमझिम ह्यांच्याच पंगतीतले. तिन्ही स्त्रीलिंगी, ती किरकिर, ती पिरपिर, ती कुरकुर. आता ह्यातले स्वर तोंडात घोळवून पाहा. जिथं 'इ' आहे तिथं आवाज बारीक आहे, चिवचिव, टिकटिक, पिरपिर. जिथं 'उ' आहे तिथं आवाज तोंडातल्या तोंडात आहे, पुटपुट, कुजबुज, कुरकुर. आणि 'अ' आला की आवाज मोकळा नि मोठा, बडबड, खडखड, गडगड. मुलांना हे मी फळ्यावर लिहून नाही, तोंडानं आवाज काढायला लावून शिकवायचो आणि वर्गात जो गोंधळ व्हायचा त्यात ते शब्द कायमचे बसायचे.

आता तुमचा फरक. तो तुमच्या घरापुरता नाही, आमच्याकडंही आहे. किरकिरीत टोचणं आहे. रातकिड्याची किरकिर असते, दाताखाली खडा आला की किरकिर होते, डोळ्यात कचरा गेला की डोळा किरकिरतो. म्हणजे आत काहीतरी खुपतंय. लेकरू किरकिर करतंय म्हणजे त्याला काहीतरी होतंय. पिरपिरीत खुपणं नाही, तिच्यात चिवटपणा आहे. आवाज लहान, पाणी थोडं, पण थांबत नाही. पिरपिर कधी सुरू झाली ते सांगता येत नाही आणि संपेल कधी तेही नाही. कुरकुर ह्याहून वेगळी, तिच्यात डोळ्याला पाण्याचा थेंब नाही. बाज कुरकुरते, आणि माणूस कुरकुरतो तो नाखुशीनं, काम सांगितलं म्हणून.

रडण्याला मराठीत किती शब्द आहेत हे मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. हुंदका दाबून रडतं ते मुसमुसणं. श्वास अडकत अडकत रडतं ते स्फुंदणं. आवाजच नाही, नुसतं गालावरून पाणी, ते मुळूमुळू रडणं, आणि हा मुळूमुळू शब्द बघा, रडण्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही क्रियापदाबरोबर उभा राहत नाही. ओक्साबोक्शी तसाच. रडकुंडीपण तशीच, 'रडकुंडीला येणं' नाहीतर 'आणणं' एवढंच तिचं घर, बाहेर कुठं भेटत नाही. घरातलं माणूस गेलं की हंबरडा फोडतात, तो शब्द तर वासराला हाक मारणाऱ्या गाईच्या हंबरण्याचाच. धाय मोकलून रडणं त्याच घरचं. मागितलेलं मिळालं नाही म्हणून लेकरू भोकाड पसरतं. आणि गळा काढणं म्हणजे रडणं थोडं आणि ऐकवणं जास्त.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, पिरपिर हा शब्द मोठ्या माणसाला लावला की तो साधा राहत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. लेकराला लावला तर ती माहिती असते, मोठ्याला लावला तर तो शेरा असतो.

काळी माती

मास्तरांनी पिरपिरीचा अर्थ सांगितला तो बरोबरच आहे पण अर्धा राहिला. आमच्याकडं औसा भागात पिरपिर म्हटलं की आधी लेकरू नाही आठवत, पाऊस आठवतो.

पाऊस दोन-दोन तीन-तीन दिवस बारीक बारीक गळत राहतो ना, अंगावर घेतला तर कपडे ओले पण पन्हाळीला धार नाही, त्याला म्हणायचं पिरपिर. ज्यानं शेती केली नाही त्याला वाटतं पाऊस तर पडलालाय मग रडता कशाला. अहो ह्या पिरपिरीनं विहिरीला पाणी येत नाही, नाला वाहत नाही, तळं भरत नाही, आणि काळ्या मातीत वाफसा, म्हणजे कामाला लागण्याइतकं रान सुकणं, तो पण येत नाही. वाफसा नाही म्हणजे कोळपं चालत नाही, फवारणी मारली तर धुऊन जाते, तण मातलं, सोयाबीन पिवळं पडलं, आणि तुम्ही घरात बसून बघत राहायचं. मोठा पाऊस बरा, तो पडतो आणि उघडतो. लोक पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा, तर माझे वडील म्हणायचे म्हाताऱ्याचं काम म्हाताऱ्यासारखंच, मोठ्यानं बोलत नाही पण दिवसभर थांबतपण नाही. ते पिरपिर शब्द म्हणताना आभाळाकडं न बघता बांधाकडं बघायचे, पाणी किती मुरलं ते.

म्हणून ताई, मला वाटतं लेकराची पिरपिर आणि पावसाची पिरपिर एकच हाय. जोर नाही, पण सोडत नाही.

आता मोठ्या माणसाचं. मला हा शब्द लागलाय म्हणून सांगतो. दोन वर्षांमागं सोयाबीन काढणीला आलं आणि पाणी साचून गेलं. तेव्हा पीक विम्यात नुकसान झालं की ७२ तासांत कळवावं लागायचं हे सगळ्यांना माहीत होतं, मी दुसऱ्याच दिवशी मोबाईलवरून कळवलं होतं, नंबर होता माझ्याकडं. पुढं पंचनाम्याला कोणी आलंच नाही म्हणून मी चौकशीला एका ऑफिसात चार चकरा मारल्या. चौथ्या खेपेला टेबलामागचा माणूस शेजारच्याला म्हणाला, "आलं बघ ह्याचं रडगाणं." माझ्या हातात कागद होता, त्यावर तारीख होती, गट नंबर होता. त्यात रडण्यासारखं काय होतं? मी घरी आलो आणि जेवलो नाही त्या दिवशी. विमा मिळाला नाही त्याचं एवढं वाटलं नाही जेवढं त्या शब्दाचं वाटलं, कारण त्यानं एका शब्दात माझा कागद काढून घेतला आणि माझ्या हातात गाणं दिलं. तुमच्या मालकांना हे वाचायला द्या.

औरंगपुरा

आमच्याकडं शहरात एवढा फरक नाही करत कोणी, किरकिर पिरपिर दोन्ही चालतं. शाळेत तर रडक्या पोराला सरळ रोंदू म्हणायचो नाहीतर रोनी सूरत, निम्मे मित्र उर्दू-हिंदी बोलणारे होते. आणि खेळात आऊट झाल्यावर मान्य नाही केलं की रडीचा डाव, तिथं डोळ्यात पाणी नसलं तरी रडी.

सिस्टर, हिंगोली

मी उपकेंद्रावर नर्स आहे. वरचं सगळं वाचलं आणि सेलूच्या ताईंना सांगावंसं वाटलं की तुमच्या सासूबाई जे करायल्यात ते आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकतो.

आमच्याकडं आई लेकराला घेऊन येते आणि म्हणते लई रडायलंय. ह्यावरून मला काहीच कळत नाही कारण आजारी नसलेलं लेकरूपण लई रडतं. मग मी विचारते, कसं रडायलंय, माय? भोकाड पसरून रडत असेल तर मी निम्मी निर्धास्त होते, कारण एवढा आवाज काढायला अंगात ताकद लागते. पिरपिर म्हणाली तर विचारते, झोप झाली का, दात येतायत का, लस घेऊन किती वेळ झाला. किरकिर म्हणाली की मी उठते. जुलाब चालू असताना लेकरू किरकिरं झालं, एकाजागी ठरेना, पाणी दाखवलं की अधाशासारखं पितंय, डोळे आत गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसतेय, तर अंगातलं पाणी कमी झालंय असं आम्ही धरतो. तेव्हा ओआरएस लगेच सुरू करायचं आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून गोळ्या चौथ्या दिवशी बंद करणाऱ्या आया खूप भेटतात, तसं करू नका.

आणि रडताना डोळ्याला पाणी येतंय का ते बघायचं. तोंड रडण्याचं आहे पण डोळा कोरडा आहे, असं मोठ्या लेकरात दिसलं तर ते मला चांगलं वाटत नाही. अगदी नवजात बाळांना पहिले काही आठवडे तसंही पाणी येत नाही, त्यांचं वेगळं. तुमच्या मुलीच्या डोळ्यात पाणी होतं, कडेवर घेतलं की गप्प होत होती, हे चांगलं आहे.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती आई जेव्हा म्हणते की काल लई रडत होतं, आज गप पडलंय, नुसतं कण्हतंय. त्या आईला बऱ्याचदा बरं वाटत असतं की रडणं थांबलं. जे लेकरू पाजलं तर पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके येतात किंवा हलवलं तरी नीट जागं होत नाही, त्याला एक मिनिट घरी ठेवायचं नाही. मी नवीन आशाताईंना सांगत असते की आईनं 'रडतंय' म्हटलं की तिथंच थांबू नका, तिच्या तोंडून दुसरा शब्द काढून घ्या. तिच्याकडं तो असतोच.

तेरणाकाठ

मला दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय कारण पहिल्याचं उत्तर वरच्या लोकांनी छान दिलंय, विशेषतः सिस्टरांनी.

सेलूची ताई, तुझा नवरा खोटं बोलत नाहीये. आमच्या धाराशिवकडंपण घरोघरी म्हणतात, काय पिरपिर लावलीय, बास कर पिरपिर. म्हणणाऱ्याला तो शब्द जड वाटत नाही हे खरं आहे. पण हा शब्द घरात कुणाला म्हणतात ते तू महिनाभर मोजून बघ. माझ्या माहेरी वडील दिवसभर तब्येतीचं, भावकीचं, बांधाच्या भांडणाचं एकच एक सांगायचे, त्याला कुणी पिरपिर म्हटलं नाही, त्याला म्हणायचे 'अण्णा विचारात आहेत'. आई दोनदा म्हणाली की गुडघा दुखतो, तर पिरपिर. आईचा तो गुडघा आम्ही शेवटी दाखवला तेव्हा डॉक्टर म्हणाले इतके दिवस काय करत होतात. मी त्या वाक्याला उत्तर देऊ शकले नाही, कारण इतके दिवस आम्ही पिरपिर म्हणत होतो.

आणखी एक शब्द आहे तो ह्याच्याच शेजारी ठेवते, तुणतुणं. 'तेच तुणतुणं वाजवू नको' असं म्हणतात ना. मी तुळजापूरला लहानपणापासून गोंधळ ऐकत आलेय. संबळ वाजतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष संबळाकडं असतं, तुणतुण्याला एकच तार, ती एकाच सुरात वाजत राहते. पण गोंधळी त्याच सुराला धरून गातो. तुणतुणं थांबलं तर त्याचा सूर जाईल. म्हणून मला ही म्हण कधी पटलीच नाही. एकच गोष्ट सारखी सांगावी लागते कारण ती सारखी घडत असते. पाणी आठव्या दिवशी येतं म्हटल्यावर बाई आठव्या दिवशी बोलणारच.

काळी माती

तेरणाकाठ ताई, तुणतुण्याचं लई बरोबर बोललात. आमच्या घरीपण आईच्या बाबतीत असंच झालंय, जास्त लिहीत नाही.

जुना मास्तर, अंबाजोगाई

रडीवरून आठवलं म्हणून भर घालतो. 'रडतराऊत' म्हणून शब्द आहे, लोक आता रडतराव किंवा रडतराऊ म्हणतात. राऊत म्हणजे घोडेस्वार शिपाई. लढाईला निघालाय, घोड्यावर चढवलाय, आणि रडतोय, असा तो रडतराऊत. दुसरी म्हण, रडत गेला तो मेल्याची खबर घेऊन येतो. दोन्हींत दोष कामाला जाणाऱ्याच्या निरुत्साहाला दिलाय, गाऱ्हाण्याला दिलेला नाही हे लक्षात घ्या. गाऱ्हाणं हा आपल्याकडं मानाचा शब्द आहे, देवापुढं घालतात, पंचापुढं मांडतात. ताईंनी पाण्याचं जे सांगितलं ते गाऱ्हाणं होतं. काळी माती यांनी ऑफिसात जे मांडलं तेही गाऱ्हाणंच.

सेलूची सून

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिस्टर, तुमचं तर मी मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवलंय आणि आमच्या गल्लीतल्या दोघींना पाठवलंपण.

पहिलं म्हणजे दात आला! खालचा, डावीकडचा. वाटी-चमच्यानं पाणी पाजताना चमचा टक्कन वाजला तेव्हा कळलं.

दुसरं म्हणजे काल रात्री जेवताना मी हा विषय घरात काढला, किरकिर आणि पिरपिर वेगळं कसं ओळखायचं म्हणून सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या मला काय माहीत, मी माझ्या सासूकडून शिकले, त्यांनाच विचार. म्हणजे माझ्या आजेसासू. त्या फार बोलत नाहीत, ऐकूपण कमी येतं. मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं तर थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी १९७२च्या दुष्काळाचं सांगितलं, जे घरात कुणीच त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. तान्ही लेकरं सगळ्या बाया सोबत आणायच्या, बाभळीला लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या, एका ओळीत पाच-सहा. हातात हातोडा, ऊन, आणि मुकादम सारखं उठू द्यायचा नाही, उठलं की खडीचं माप कमी भरायचं आणि पैसे त्या मापावर. मग उठायचं कधी हे बाया आवाजावरून ठरवायच्या. त्या म्हणाल्या, "पिरपिर असली का हात चालू ठिवायचा, झोपंला आलंय, गप बसंल. किरकिर झाली का उठायचं, भूक लागली नाहीतर मुंगळा-बिंगळा चावला. आन एखाद्या झोळीतून कण्हल्यावाणी आलं का मंग आपलं असू नाहीतर दुसरीचं, हातोडा टाकून पळायचं, मुकादम काय म्हणंल ते म्हणंल." आवाज आला की बायाच एकमेकींना ओरडून सांगायच्या, तुझी पिरपिर हाय गं, बस. म्हणजे ज्या बाईला स्वतःच्या हातोड्याच्या आवाजात ऐकू आलं नाही तिला दुसरी सांगायची.

मी विचारलं तेव्हा झोळीत कोण होतं. तर त्यांनी माझ्या सासऱ्यांकडं बोट दाखवलं. सासरे ५४ वर्षांचे आहेत. ते ताटावरून उठले नाहीत पण पुढं जेवलेपण नाहीत, तसेच बसून राहिले.

नवरा पण तिथंच होता. त्यानं तेव्हा काही म्हटलं नाही. आज सकाळी मोटारीचा मिस्त्री आला होता, वायंडिंग जळालंय म्हणाला, दोन दिवस लागतील. आणि नवऱ्यानं समोरच्या विहिरीवरून आठ घागरी आणल्या, मी काही सांगितलं नव्हतं.